गेम्सबद्दल खरं मत हवंय? मग हे आधी वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून टाकतोय. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर खुशाल भांडा. फक्त भांडायच्या आधी तो गेम निदान काही तास तरी खेळलेला असावा, ट्रेलर बघून भांडू नका.

तुम्ही गेमला दहापैकी मार्क का देत नाही?

कारण मार्क वाचून कुणाला काहीच कळत नाही. आठ मार्कांचा हॉरर आणि आठ मार्कांचा फुटबॉल गेम यांची तुलना कशी करणार? मी एकच बघतो. गेम माझा जेवढा वेळ खातो तेवढं काहीतरी देतो का, आणि दर तासाला माझ्या हाताला किंवा डोक्याला नवीन काम देतो का. पाच तासांचा गेम यात पास होतो, शंभर तासांचा नापास होतो, आणि कधी उलटंही होतं.

ग्राफिक्सला किती महत्त्व?

कमी. २०१८ चा रिटर्न ऑफ द ओब्रा डिन फक्त दोन रंगांत आहे आणि त्यातली चित्रं अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात, तो मात्र बघतो, तिथे तडजोड नाही.

ओपन वर्ल्ड गेम्सवर तुमचा एवढा राग का?

राग ओपन वर्ल्डवर, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवं तिकडे फिरण्यावर नाही, नकाशावर पेरलेल्या चिन्हांवर आहे. टॉवरवर चढा, नकाशा उघडा, मग पन्नास ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्यावर तेच काम, इथली छावणी साफ करा, तिथली पेटी उघडा. असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला (२०२०) मला सुरुवातीला आवडला होता, लढाई दणकट आहे, निसर्ग सुंदर आहे, पण एकेका प्रदेशाची तीच ती कथा, तिथल्या माणसाला मदत करा, त्याला गादीवर बसवा, पुढे चला, असं करत करत तो इतका पाणी घालून वाढवलाय की शेवटी शेवटी आपण खेळतोय की हजेरी लावतोय तेच कळत नाही.

आता विचर ३ (२०१५) घ्या. ठिपके त्यातही आहेत, समुद्रात तरंगणाऱ्या पेट्यांचे ठिपके तर अगदी वैताग आणतात, पण ब्लडी बॅरन नावाच्या माणसाची क्वेस्ट (त्याची छोटी कथा) सुरू झाली की ठिपक्यांचा विसर पडतो. आधी तो माणूस किळसवाणा वाटतो, मग त्याची कीव येते, मग परत राग येतो, आणि तुम्ही मधे जे निवडलं त्याचा हिशोब बऱ्याच उशिरा समोर येतो. लढाई मात्र साधारणच आहे हं, हे विचरचे फॅन मान्य करत नाहीत पण आहे.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) याच्या दुसऱ्या टोकाला. पहिलं पठार संपवून पॅराग्लायडर हातात आला की गेम तुम्हाला सोडूनच देतो, वाटलं तर सरळ शेवटच्या बॉसकडे (मोठ्या शत्रूकडे) जा, कोणी अडवत नाही. लांब एखादा डोंगर दिसला की आपणच ठरवतो तिकडे जायचं, चढायला लागतो, अर्ध्यात पाऊस येतो, हात घसरायला लागतात, मग खाली उतरून दुसरी वाट शोधतो आणि त्या वाटेवर भलतंच काहीतरी सापडतं. शस्त्रं तुटतात म्हणून लोक चिडतात, मला मात्र ते तुटणंच पटतं, कारण तुटतात म्हणूनच तुम्ही दर मारामारीत वेगळं काहीतरी उचलून बघता. पावसाचं मात्र समर्थन करणार नाही, तो फार येतो.

आणि रेड डेड रिडेम्पशन २? त्याला तरी नावं ठेवू नका.

ठेवणार, पण प्रेमाने. २०१८ चा तो गेम मुद्दाम संथ आहे. एखाद्या केबिनमध्ये शिरलात की प्रत्येक ड्रॉवर गेमचा नायक आर्थर हाताने उघडतो, आतला डबा उचलतो, पिशवीत टाकतो, मग पुढचा ड्रॉवर. हरीण मारलं तर कातडं सोलायचं, खांद्यावर टाकायचं, घोड्याच्या पाठीवर चढवायचं, हे सगळं तुमच्यासमोर पूर्ण होतं, कॅम्पमध्ये तर पळताही येत नाही. पहिल्या बर्फातल्या चॅप्टरमध्येच अनेक जण गेम सोडतात आणि मला त्यांचं नवल वाटत नाही. पण त्या संथपणामुळेच पुढे आर्थर ओळखीचा माणूस वाटायला लागतो, त्याची डायरी उघडून वाचावीशी वाटते. माझं भांडण मिशन्सशी आहे. बाहेर एवढं मोकळं जग आणि मिशनमध्ये जरा वाट सोडून बाजूने गेलो की लगेच मिशन फेल! हा विरोधाभास एवढ्या मोठ्या टीमला दिसला नसेल असं वाटत नाही, चालून जाईल असं धरलं असावं.

डार्क सोल्ससारखे कठीण गेम मला जमतील का?

जमतील. ते गेम चपळ बोटांपेक्षा धीर जास्त मागतात. मरायचं, कशाने मेलो ते बघायचं, परत जायचं. २०११ च्या पहिल्या डार्क सोल्समध्ये सगळा जीव नकाशात आहे, तासभर खाली खाली जात राहता आणि अचानक एक लिफ्ट तुम्हाला थेट सुरुवातीच्या शेकोटीपाशी आणून सोडते, ते कळतं तेव्हा तोंडातून आवाज निघतोच. दुसरा अर्धा भाग कच्चा आहे, लॉस्ट इझलिथ हा प्रदेश तर घाईत उरकल्यासारखा वाटतो.

सुरुवात करायची तर एल्डन रिंग (२०२२) घ्या. बाहेर पडल्या पडल्या घोड्यावरचा ट्री सेंटिनेल हा दणकट शत्रू दिसतो, नवखा माणूस त्याच्याशी भिडतो आणि क्षणात आडवा होतो. गेमचा पहिला धडा तोच, बाजूने निघून जा, ताकद वाढव, नंतर ये. जिथे घोडं अडलं तिथे दुसरीकडे जायची सोय आहे आणि मदतीला भुतंही बोलावता येतात, बोलवा बिनधास्त. शेवटचे बर्फातले भाग मात्र विरळ आहेत आणि तेच बॉस रंग बदलून परत येतात, तिथे माझा उत्साह कमी झाला.

सेकिरो (२०१९) ची गोष्ट वेगळी. तिथे लेव्हल वाढवून सुटका नाही, दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावणं नाही, तलवारीवर तलवार वेळेत आपटायला शिकलात तरच पुढे. गेनिचिरो हा बॉस म्हणजे परीक्षाच, तो पाठ दाखवून पळणाऱ्याला सोडत नाही, समोर उभं राहून एकेक वार अडवायला लागलात की मग लढाईला एक ताल येतो आणि आधी अशक्य वाटलेला माणूस वाचता येतो. माझ्या मते हे तिन्ही गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या सगळ्या गेम्समध्ये हातातली लढाई यातच सर्वांत चोख आहे.

इझी मोडवर खेळणं म्हणजे चीटिंग का?

नाही. कोणाला फरक पडतो? सेलेस्ट (२०१८) हा बऱ्यापैकी अवघड प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) आहे आणि त्यात असिस्ट मोड आहे, गेमचा वेग कमी करा, दम न संपणारा करा, अमर व्हा, काहीही करा. गंमत म्हणजे असिस्ट मोड न लावताही तो गुपचूप तुमच्या बाजूने असतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही क्षण उडी मारता येते, डेव्हलपर त्याला कोयोटी टाइम म्हणतात, त्यामुळे तुम्हाला वाटतं आपण अगदी काठावरून उडी घेतली, खरं तर काठ मागे गेलेला असतो. हेडीझमध्ये (२०२०) गॉड मोड चालू केला की सुरुवातीला २० टक्के कमी मार बसतो आणि दर मरणाला आणखी २ टक्के सूट मिळते. मेलात म्हणून गोष्ट थांबत नाही, उलट घरी परत आल्यावर सगळे नवीन काहीतरी बोलतात. हारण्याची एवढी छान सोय फार कमी गेम्सनी केलीय.

शूटरमध्ये काय सुचवाल?

एकट्याने खेळायचं तर टायटनफॉल २, डोळे झाकून. २०१६ मध्ये तो बॅटलफील्ड १ आणि नव्या कॉल ऑफ ड्यूटीच्या अगदी मधे रिलीज झाला आणि चिरडला गेला, पण कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, सोनं आहे. एका मिशनमध्ये बटण दाबलं की तुम्ही भूतकाळात, परत दाबलं की वर्तमानात, आता इथे जळकी भिंत आहे, तेव्हा इथे दार होतं, तर मधल्यामधे काळ बदलत उड्या मारायच्या. दुसरा कोणी असता तर या एका कल्पनेवर अख्खा गेम काढला असता, यांनी एक मिशन वापरली आणि पुढे गेले. याला म्हणतात वेळेची किंमत असणं.

डूम इटर्नल (२०२०) लोकांना दमवतो. गोळ्या हव्यात तर चेनसॉ, हेल्थ हवी तर ग्लोरी किल (अर्धमेल्या शत्रूला जवळ जाऊन संपवणं), आर्मर हवं तर आग, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवायचं. मला ते फार आवडतं, पण २०१६ चा डूम जास्त मोकळा श्वास घेऊ देतो, नवख्याने तोच आधी खेळावा.

ऑनलाइनमध्ये काउंटर-स्ट्राइक. १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमचा मॉड (चाहत्यांनी केलेला बदललेला अवतार) म्हणून सुरू झालेला प्रकार आजही तसाच आहे, पळता पळता गोळी मारलीत तर लागणार नाही, थांबा, मग मारा. साधा नियम, पण अंगात मुरायला शेकडो तास. लोक मात्र तोंडाने फार घाण, माइक म्यूट करून खेळा.

स्ट्रॅटेजी गेम्स मला डोक्यावरून जातात. काय करू?

इन्टू द ब्रीच (२०१८) खेळा. आठ बाय आठ चौकोनांचा छोटा पट, तुमचे तीन रोबो, आणि शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार ते आधीच दाखवलेलं. आता तुम्ही त्या किड्याला एक घर बाजूला ढकललंत तर त्याचा वार त्याच्याच भावावर बसतो आणि इमारत वाचते. नशिबाचा भाग जवळपास शून्य, हरलात तर दोष तुमचाच. एक्सकॉम २ (२०१६) याच्या उलट, ९५ टक्के लागण्याची शक्यता दाखवून तुमचा शिपाई समोरच्या एलियनच्या कानाजवळून गोळी घालवतो, आणि हो, विसातली एक चुकणारच आहे, गणित बरोबरच आहे, तरी संताप यायचा तो येतोच.

सिव्हिलायझेशन ६ बद्दलही बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, पहिल्या शंभर चाली अप्रतिम, शेवटच्या शंभर चाली नुसतं क्लिक क्लिक. जिंकणार हे कळल्यावर मी पूर्ण करत नाही, नवीन सुरू करतो, आणि बरेच जण असंच करतात.

हॉररमध्ये खरंच भीती वाटते का?

कशाने घाबरवतोय यावर आहे. अंगावर अचानक काहीतरी येणं मला स्वस्तातलं वाटतं. रेसिडेंट ईव्हिल २ च्या २०१९ च्या रीमेकमध्ये पाठलाग करणारा मिस्टर एक्स येतो ना, तो दिसतो त्यापेक्षा ऐकू जास्त येतो. पोलीस स्टेशनात वरच्या मजल्यावर धप, धप, धप, बूट वाजतात, तुम्ही खाली कोडं सोडवत उभे, आणि आवाज जिन्याकडे वळला की कोडं सोडून दिवा कुठे, दार कुठे, गोळ्या किती. एलियन आयसोलेशन (२०१४) त्याहून निर्दयी आहे, एलियनला मारताच येत नाही आणि गेम सेव्ह करायलाही भिंतीवरच्या मशीनपाशी काही सेकंद उभं राहावं लागतं, त्या सेकंदांत तो येऊ शकतो. फक्त तो गेम खूपच लांबवलाय, तीन-चार वेळा वाटतं संपला आणि संपत नाही.

कोडी सोडवायचे गेम?

पोर्टल २ सगळ्यांसाठी. पण माझा सगळ्यात लाडका ओब्रा डिनच. १८०७ साली एक जहाज रिकामं परत येतं, तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे इन्शुरन्स इन्स्पेक्टर, साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि तो कसा मेला ते वहीत लिहायचं. हातात एक घड्याळ, मृतदेहापाशी उघडलं की मरण्याआधीचं बोलणं ऐकू येतं आणि मग मरणाचा तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात फिरून बघायचं, कोण कोणाशेजारी उभा आहे, कोणाचे कपडे कसे, बोलण्याची ढब कुठली. आणि तीन जणांची उत्तरं बरोबर आली तरच गेम कबूल करतो, म्हणजे अंदाजपंचे ठोकून चालत नाही. एकदा सगळं कळलं की परत खेळता येत नाही हे एकच दुःख. आउटर वाइल्ड्सचंही (२०१९) तसंच, बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि पुन्हा सुरुवात, सोबत राहतं फक्त तुम्हाला काय कळलं ते. त्याबद्दल याहून जास्त काही वाचू नका, माझ्याकडूनही नाही.

मोठे आरपीजी (एखादं पात्र घडवत खेळायचे कथागेम) खेळायला वेळ नाही, कुठला एकच घेऊ?

बाल्डर्स गेट ३ (२०२३). फासा पडतो, बोलण्यात हरता, आणि तुम्ही रीलोड न करता पुढे गेलात तर हरल्याचीसुद्धा पूर्ण गोष्ट लिहिलेली असते. तिसरा अंक शहरात जातो आणि तिथे पसारा होतो, कामांची यादी बघूनच थकायला होतं. वाचायची आवड असेल तर डिस्को एलिझियम (२०१९), लढाईची वेगळी सिस्टीमच नाही, तुमची चोवीस कौशल्यं डोक्यात आपापसात भांडतात आणि चुकीचे सल्ले देतात. वाचायला कंटाळा असेल तर अजिबात हात लावू नका. पर्सोना ५ रॉयल स्टायलिश आहे, पण शंभरेक तास मागतो आणि पहिले कित्येक तास हात धरून शिकवतच बसतो.

स्पोर्ट्स आणि रेसिंगवर काहीच बोलत नाही तुम्ही.

दरवर्षी तोच फुटबॉल गेम, २०२३ पासून फक्त फिफाचं नाव गेलं. मैदानावर मजा येते, अल्टिमेट टीमच्या पॅकेट्सपासून (आत कुठला खेळाडू निघेल ते न कळता विकत घ्यायच्या) लांब राहा, तो सरळसरळ नशिबाचा धंदा आहे. रेसिंगमध्ये फोर्झा होरायझन ५ गाडी न कळणाऱ्यालाही आवडेल. मारिओ कार्टमधला निळा शेल, जो पहिल्या नंबरवाल्यालाच जाऊन उडवतो, अन्याय आहे, आणि म्हणूनच चार जण जमले की तोच लावायचा.

फायटिंग गेम शिकायला उशीर झाला का?

स्ट्रीट फायटर ६ (२०२३) आल्यापासून नाही. मॉडर्न कंट्रोल्समध्ये एका बटणावर स्पेशल वार निघतो, त्यामुळे बोटांची कसरत शिकण्याआधीच तुम्ही खरा खेळ खेळायला लागता, म्हणजे अंतर किती, समोरचा उडी मारणार का, आता थांबू की मारू. सुरुवातीला खूप हराल. एकच कॅरेक्टर धरा, रोज बदलू नका.

गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम फुकट आहे, मग त्यावर टीका कशाला?

जग सुंदर, संगीत सुंदर, लढाई चांगली, आणि खरंच एक पैसा न देता कित्येक तास खेळता येतं. पण आकडे बघा. एका विशला (म्हणजे एका सोडतीला) पाच-स्टार कॅरेक्टर मिळायची मूळ शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या विशला नक्की मिळतं, पण हवा तोच मिळेल याची पहिल्या वेळी खात्री नाही. आणि विशसाठी लागणारं चलन असं तीन-चार नावांच्या खड्यांत फिरवलेलं की आपण खरे किती पैसे घालवले ते चटकन कळूच नये. हे चुकून झालेलं नाही. खेळायचा तर खेळा, पण कार्ड जोडू नका. मोबाइलवर एकदाच पैसे देऊन काही हवं असेल तर बलाट्रो (२०२४) घ्या, पत्त्यांचा गेम आहे, जुगार नाही, तरी रात्री झोपू देत नाही ही वेगळी तक्रार.

स्टारड्यू व्हॅलीत एवढं काय आहे?

एकट्या माणसाने, एरिक बॅरोनने बनवला, २०१६ मध्ये आला, आणि मोठमोठे अपडेट्स अजून फुकट देतोय. आज फक्त पाणी घालून झोपू म्हणता आणि मग खाणीत एक मजला, मग कुणाचा वाढदिवस, मग रात्र. मासेमारी मात्र डोक्याला ताप आहे, पहिल्या आठवड्यात तर नकोच. आणि एक गंमत बघा, शांत व्हायला म्हणून घेतात आणि मग लोक पिकांचं एक्सेल करतात.

लाँचच्या दिवशी घ्यावा की थांबावं?

थांबा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर अशी दशा होती की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, जून २०२१ मध्ये परत आला. २०२३ चं २.० अपडेट आणि फॅन्टम लिबर्टी हा पुरवणी भाग यांच्यानंतर तोच गेम मी आनंदाने सुचवतो. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये पोकळ होता, आता भरगच्च आहे. पण अशा गोष्टी ऐकून पुढे सुधारेल म्हणून आज पैसे देऊ नका, सुधारल्यावर द्या, बहुतेक वेळा किंमतही उतरलेली असते.

दोघांनी मिळून खेळायला?

इट टेक्स टू (२०२१). एकाकडे कॉपी असली तरी दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतं. दर थोड्या वेळाने हातातली साधनं बदलतात, एकाला हातोडा, दुसऱ्याला खिळे. संवाद काही ठिकाणी कान बंद करावेत असे, ते बोलणारं पुस्तक तर मला सहनच होत नाही. ओव्हरकुक्ड (एकत्र घाईघाईत स्वयंपाक करायचा गेम) घेणार असाल तर नातं मजबूत आहे ना बघा.

स्टीमवर घेतलेला गेम आवडला नाही तर?

घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मागा, मिळतो. सेटिंग्जच्या मेन्यूत बसलेला वेळही त्या दोन तासांत धरतात, त्यामुळे ग्राफिक्स नंतर लावत बसा, आधी खेळून बघा.

विकत घेतलेला गेम कायमचा आपला असतो का?

डिजिटल असेल तर तुम्हाला मिळतो तो परवाना. द क्रू (२०१४) चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि एकट्याने गाडी चालवायलाही ऑनलाइन लागत असल्याने अख्खा गेमच गेला. कॉनकॉर्ड हा ऑनलाइन शूटर तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, निदान त्याचे पैसे तरी परत दिले. म्हणून एकट्याने खेळायच्या गेमच्या पानावर सतत इंटरनेट लागेल असं लिहिलेलं दिसलं की मी पूर्ण किंमत देत नाही, मोठ्या सेलची वाट बघतो.